मिठापासून मानधनापर्यंत

केलेल्या कामाबद्दल माणसाला जे पैसे मिळतात, त्यांना इंग्रजीत नावे तरी किती आहेत हे मोजायला मी एकदा बसलो. पे, सॅलरी, वेजेस, फी, स्टायपेंड, पेन्शन, बोनस, ग्रॅच्युइटी, रेम्युनरेशन, ऑनरेरियम अशी दहा बोटांवर दहा नावे झाली आणि बोटे संपली. पायांच्या बोटांपर्यंत जायची इच्छा होती. पण आम्ही पडलो बँकेतले कारकून. काउंटरवर बसून ग्राहकासमोर बूट काढणे सेवानियमांत बसत नाही.

खरे म्हणजे पैसा तो पैसा. पाचशेच्या नोटेला कुणी विचारत नाही, की बाई गं, तू सॅलरीतली की फीतली? पण माणसाला विचारतात. खाते उघडायच्या आमच्या फॉर्मवर उत्पन्नाच्या साधनाचा एक रकाना असतो. त्यात या नामांचे बारके बारके चौकोन असतात आणि एकात खूण करायची असते. तिथे भल्याभल्यांचे पेन थांबते. गवंडीकाम करणारा विचारतो, "साहेब, आमचं कशात येतं? शनिवारी मिळतं." डॉक्टरीणबाई 'वेजेस'च्या चौकोनाकडे अशा बघतात, की जणू तो हात न धुता आलेला आहे. आणि पौरोहित्य करणारे गुरुजी सगळे चौकोन चष्म्यातून नीट वाचून शांतपणे म्हणतात, "यात दक्षिणा कुठे आहे?"

मी कॉमर्सचा पदवीधर. त्यामुळे सॅलरी आणि वेजेस यांतला फरक मला पक्का ठाऊक आहे, अशी घरच्यांची समजूत आहे. बी.कॉम.ला तो आम्हाला शिकवलाही होता. वेजेस ट्रेडिंग अकाउंटला टाकायचे आणि सॅलरी प्रॉफिट अँड लॉस अकाउंटला टाकायची. प्रश्नपत्रिकेत 'वेजेस अँड सॅलरीज' असे लिहिले असेल तर ट्रेडिंग अकाउंट, आणि 'सॅलरीज अँड वेजेस' असे असेल तर प्रॉफिट अँड लॉस. म्हणजे जो शब्द आधी, त्याच्या घरी दोघांनी राहायचे. असे का, हे विचारायची पद्धत नव्हती. कॉमर्समध्ये 'का' हा प्रश्न शेवटच्या वर्षापर्यंत ऐच्छिक असतो.

शब्दकोशवाले याहून बरे समजावतात. सॅलरी म्हणजे वर्षाची ठरवलेली आणि महिन्याला मिळणारी रक्कम. बहुधा टेबलाशी बसून काम करणाऱ्याची. वेजेस तासावर, दिवसावर किंवा आठवड्यावर. बहुधा हातांनी काम करणाऱ्याचे. ओळखायची सोपी खूण म्हणजे रविवार. रविवारी घरी झोपून राहिल्यावरही जी चालू राहते ती सॅलरी, आणि जे थांबतात ते वेजेस. फी म्हणजे एकेका कामाची. देणारा दारात येतो, घेणारा त्याला बसवून ठेवतो. स्टायपेंड शिकणाऱ्याला. ऑनरेरियम अशा माणसाला, की ज्याच्या कामाची किंमत करणे बरे दिसत नाही. आणि पे म्हणजे गावजेवण. यात सगळेच येतात.

हे पाठ करून परीक्षा पास होता येईल. पण एकाच पैशाला इतकी नावे लागावीत कशाला, याचे उत्तर शब्दकोशाच्या उजव्या बाजूला नसते. ते शब्दाच्या मागे, म्हणजे इतिहासात असते. आणि तो इतिहास पगारदार माणसाने एकदा वाचण्यासारखा आहे, कारण त्यात आपलीच पे-स्लिप सापडते.

सॅलरीपासून सुरुवात करू. लॅटिनमध्ये मीठ म्हणजे 'साल'. त्यावरून 'सालारियम' आणि त्यावरून सॅलरी. इथवर सगळे ठीक. पण पुढे एक गोष्ट सांगतात, की रोमन सैनिकांना पगार मिठात मिळायचा. आपल्याकडे खाल्ल्या मिठाला जागायची पद्धत असल्यामुळे ही गोष्ट आपल्याला ऐकल्याबरोबर पटते. फक्त तिला पुरावा नाही. पहिल्या शतकात प्लिनी नावाचा रोमन लेखक होऊन गेला. मिठाचे गुण गाता गाता तो सालारियमचा संबंध मिठाशी जोडतो आणि पुढच्या विषयाकडे वळतो. सैनिकाच्या हातावर मिठाची पुडी ठेवलेली त्याने पाहिली, असे काही तो म्हणत नाही.

आणि मुख्य गंमत पुढेच आहे. रोमन सैनिकाच्या पगाराला सालारियम म्हणतच नसत. त्याला म्हणत 'स्टिपेंडियम'. सालारियम हा शब्द सम्राट ऑगस्टसच्या काळापासून प्रांतांवर पाठवलेल्या अधिकाऱ्यांच्या मानाच्या रकमेसाठी रुळला. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वीसुद्धा सरकार एक, तिजोरी एक, नाणेही एक. पण साहेबाने उचलले की सालारियम आणि शिपायाने उचलले की स्टिपेंडियम.

शिपायाचे हे स्टिपेंडियम ऑगस्टसच्या काळात वर्षाला २२५ देनारियस होते, तीन हप्त्यांत मिळणारे. त्यातले हातात किती पडत, याचा अंदाज इजिप्तमध्ये सापडलेल्या एका पपायरसच्या तुकड्यावरून येतो. पहिल्या शतकातल्या दोन सैनिकांच्या पगाराचा तो हिशेब आहे. त्यात जेवणाची कपात आहे, बुटांची कपात आहे, वैरणीची कपात आहे आणि छावणीतल्या सॅटर्नेलिया सणाचीही कपात आहे. ही शेवटची नोंद वाचल्यावर माझे रोमन साम्राज्याशी नातेच जुळले. ऑफिसच्या सत्यनारायणाची वर्गणी पगारातून परस्पर कापून घेणारा माणूस आमच्याच शाखेत जन्मला, असा माझा इतके दिवस समज होता. उरलेली शिल्लक सैनिक पलटणीचे निशाण धरणाऱ्याकडे ठेवत. तोच त्यांचा बँकर. लढाईत सगळ्यांत पुढे निशाण आणि निशाणाच्या हाताखाली ठेवी, अशी ती योजना होती. सैन्य पळून का जात नसे, याचे हे कारण मला तरी पुरेसे वाटते.

पुढे नावांचे नशीब फिरले. सालारियमची सॅलरी होऊन ती आमच्यासारख्यांपर्यंत खाली उतरली आणि स्टिपेंडियमचे स्टायपेंड होऊन ते शिकाऊ डॉक्टरांच्या आणि उमेदवारांच्या पदरात पडले. 'पेंडेरे' म्हणजे तोलून देणे; त्या धातूची ही संतती. पेन्शन आणि एक्स्पेन्स याही तिथल्याच. सख्ख्या बहिणी म्हणायला हरकत नाही. पण एक महिन्यातून एकदाच घरी येते आणि दुसरी मुक्कामालाच असते.

फी हा शब्द आज चकचकीत दवाखान्यातून आणि वकिलांच्या चेंबरमधून वावरतो. पण त्याचे मूळ गोठ्यात आहे. जुन्या इंग्रजीत 'फेओ' म्हणजे गुरेढोरे, आणि म्हणून संपत्ती. पुढे नॉर्मन फ्रेंचमधून आलेली फी म्हणजे चाकरीच्या बदल्यात सरदाराला मिळालेली जमीन. आपल्या भाषेत वतन. तिचेही मूळ त्याच गोठ्यात असावे, असे बहुतेक कोशकार मानतात. आपण गोधन, पशुधन म्हणतो त्यातलाच हा प्रकार. नुसती फीच नाही, तर ज्या कॅपिटल या शब्दावर आमचे सगळे कॉमर्स उभे आहे, तोही त्याच बाजारातला. लॅटिनमध्ये 'कापुत' म्हणजे डोके. डोक्यांवर मोजायची मालमत्ता ती 'कापिताले'. त्या एका शब्दातून इंग्रजीत तीन नामे निघाली. नॉर्मनांच्या बोलीतून कॅटल, पॅरिसकडच्या फ्रेंचमधून चॅटल आणि मागाहून पुस्तकी लॅटिनमधून कॅपिटल. एक गुरेढोरे, एक जंगम मालमत्ता आणि एक भांडवल. खेड्यातली शाखा म्हशीसाठी कर्ज देते तेव्हा ती कॅपिटल देते, कॅटल घेते आणि चॅटल म्हणून लिहून ठेवते. तिघी बहिणींची भेट घडवून आणल्याचे पुण्य शेतकी अधिकाऱ्याला लागत असेल.

फी घेणाऱ्यांना आपण मजुरी घेत नाही हे दाखवायची हौस पहिल्यापासूनच. रोममध्ये इसवी सनापूर्वी २०४ साली कायदाच झाला होता, की वकिलाने अशिलाकडून काही घ्यायचे नाही. वकिली हे मोठ्या माणसाने मित्रासाठी करायचे काम! वकील त्या काळी घेत नसत, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अखेर ४७ साली सम्राट क्लॉडियसने दहा हजार सेस्टर्सची कमाल मर्यादा घातली. घ्यायचे नाही तिथे मर्यादा कशाला, हा प्रश्न वकिलांनी विचारला नसावा. इंग्लंडमध्ये १७१७ साली गिनी या सोन्याच्या नाण्याची किंमत एकवीस शिलिंग ठरली. पौंड वीस शिलिंगांचा. १८१४ नंतर गिनीचे नाणे पाडणे बंद झाले, तरी मोठे डॉक्टर आणि बॅरिस्टर फी सांगायची ती गिनीतच, थेट १९७१ साली दशमान पद्धत येईपर्यंत. सुताराचे बिल पौंडात आणि डॉक्टरचे गिनीत. नाणे अस्तित्वात नाही, पण वरचा एक शिलिंग प्रतिष्ठेचा! आपल्याकडे एकशे एक, पाचशे एक असे आहेर देतात, त्यातला वरचा रुपया शुभ असतो. इंग्रजांचा वरचा शिलिंग वसूल करायचा असे.

आता वेजेस. १०६६ साली नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि फ्रेंच शब्दांची आयात सुरू झाली. नॉर्मन लोकांच्या बोलीत काही शब्द 'व'ने सुरू होत. तेच शब्द पॅरिसकडे 'ग'ने. इंग्रजांनी दोन्ही ठेवून घेतले. म्हणून वॉर्ड आणि गार्ड, वॉर्डन आणि गार्डियन, वॉरंटी आणि गॅरंटी. फ्रीज घेताना वॉरंटी आणि गॅरंटी यांतला फरक दुकानदाराला विचारून घाम फुटला असेल, तर त्याचे बिल विल्यमच्या नावे फाडावे. त्यातलीच एक जोडी वेज आणि गेज. दोन्हींचा मूळ अर्थ तारण, वचन, शब्द. गेजच्या आधी 'मॉर्ट' म्हणजे मृत हा शब्द लावला की झाले मॉर्गेज. त्याचे स्पष्टीकरण एडवर्ड कोक या कायदेपंडिताने १६२८ साली दिले आहे. कर्ज फेडले नाही तर जमीन कर्जदाराला मेली, आणि फेडले तर तारण सावकाराला मेले. काहीही झाले तरी कुणीतरी मरणार. कर्जाचे कागद आम्ही इतक्या गंभीर चेहऱ्याने का करतो, हे आता लक्षात येईल. याच कुळातला जुना जर्मानिक शब्द म्हणजे 'वेड', वेडिंग त्याचेच. म्हणजे लग्न, गहाणखत आणि मजुरी यांचे मूळ एक. मराठीत 'वेड' म्हणजे काय ते सांगायला नको. हा निव्वळ योगायोग आहे, असे घरी सांगावे.

तर वेज म्हणजे मालकाने दिलेला शब्द. काम कर, इतके देईन. त्या शब्दाचे इंग्लंडात पुढे काय झाले? १३४८ साली तिथे प्लेग शिरला आणि माणसे इतकी मेली, की कामाला हात मिळेनात. उरलेल्या हातांनी साहजिकच जास्त मागितले. त्यावर १३५१ साली कायदा आला, की प्लेगच्या आधी जे वेजेस होते त्याहून जास्त कुणी घ्यायचे नाहीत. घेतले तर पाय खोड्यात. आपण किमान वेतनाचा कायदा ऐकलेला असतो, हा कमाल वेतनाचा. पुढे गिरण्या-खाणी आल्या, तेव्हा काही मालक नाण्यांऐवजी माल किंवा टोकने देऊ लागले. टोकने चालत फक्त मालकाच्याच दुकानात. मजुरी एका खिशातून काढून दुसऱ्या खिशात घालायची ही युक्ती १८३१ च्या कायद्याने बंद केली आणि वेजेस चालू नाण्यातच द्यायची सक्ती झाली. ज्याची सॅलरी होती त्याच्यासाठी असा कायदा करावा लागल्याचे माझ्या वाचनात नाही. सालारियमवाल्याला मिठाची पुडी द्यायची कुणाची छाती!

आणि पे? हा शब्द लॅटिन 'पाकारे'पासून आला. 'पाक्स' म्हणजे शांतता, तीच इंग्रजी पीस. पाकारे म्हणजे शांत करणे. दारात उभ्या असलेल्या माणसाला पैसे देऊन गप्प करायचे, याचे नाव पे. आता आपल्या घरात या. पाकारेचेच पोर्तुगीज भाषेत झाले 'पागार'. पोर्तुगीज १५१० साली गोव्यात आले, १५३४ साली वसईत आले. येताना त्यांनी बटाटा आणला, तंबाखू आणली, पाव आणला, चावी आणली आणि पगार आणला. पुढे १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला घेतला. पोर्तुगीज गेले, पण पगार राहिला. तेव्हा इंग्रजांचा पे आणि आपला पगार हे सख्खे चुलतभाऊ आहेत आणि दोघांचाही अर्थ शांती हाच आहे. एक तारखेला संध्याकाळी घराघरांतून जी शांतता पसरते, ती व्युत्पत्तीला धरूनच असते.

नावांची हौस इंग्रजांनाच होती असे समजू नका. मराठी माणसाने कुणाच्या हातावर काही ठेवले, की आधी हात कुणाचा ते पाहिले आहे. भटजींना दक्षिणा, कीर्तनकाराला आणि गवयाला बिदागी, सुताराला-लोहाराला बलुते, शेतात राबणाऱ्याला मजुरी किंवा रोज. मोलकरीण या शब्दात तर मोल आधीच घालून ठेवले आहे, म्हणजे ते वाढवून मागायला नको. पेशवे श्रावणात पुण्याच्या रमण्यात दक्षिणा वाटत. १८१८ साली पेशवाई गेली, दक्षिणेचा फंड इंग्रजांच्या हाती आला. त्यातून १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली आणि पुढे कॉलेजातल्या हुशार मुलांना 'दक्षिणा फेलो' नेमू लागले. दक्षिणेचे स्टायपेंड झाले ते असे. आमच्या गुरुजींना हे सांगितले, तेव्हा त्यांनी 'स्टायपेंड'च्या चौकोनाकडे प्रथमच जरा आदराने पाहिले.

वेतन हा शब्द त्याहून जुना. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात तर 'भक्तवेतन' असा जोडशब्दच आहे. भक्त म्हणजे शिजवलेले अन्न, म्हणजेच भात. आणि आपला भत्ता या भाताच्याच घरचा. कौटिल्याने सरकारी वेतनाची यादीही देऊन ठेवली आहे. मंत्री, पुरोहित, सेनापती यांना ४८,००० पण आणि अगदी खालच्या चाकरांना ६० पण. म्हणजे आठशे पट. वेतन आयोगाच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनी ही यादी एकदा पाहावी. भत्त्याचा महिमा असा, की कंपनी सरकारच्या लष्करातल्या गोऱ्या अधिकाऱ्यांचा दुहेरी भत्ता क्लाइव्हने बंद केला, तेव्हा १७६६ साली त्यांनी बंड केले. तो भत्ता साहेबांच्या तोंडी 'बॅटा' झाला होता. तात्पर्य, भातासाठी गोरा माणूसही उठतो.

आता सरकारी मराठीत पे, सॅलरी, वेजेस या तिन्हींना वेतन हा एकच शब्द चालतो. पे कमिशन तो वेतन आयोग आणि मिनिमम वेजेस ते किमान वेतन. कर घेताना तर सरकार याच्याही पुढे जाते. १९६१ च्या आयकर कायद्याच्या १७ व्या कलमात सॅलरी या शब्दाची व्याख्या होती. तीत वेजेस आले, पेन्शन आली, ग्रॅच्युइटी आली, फी आली, कमिशन आले, आगाऊ उचल आली. रोमपासून दोन हजार वर्षे माणसांनी जी नामे एकमेकांपासून निगुतीने वेगळी ठेवली, ती आयकर खात्याने एका वाक्यात एका दाव्याला बांधली. घेताना सगळी नामे सारखी. देताना मात्र हिशेब वेगळा असतो, आणि खरी गोष्ट तिथे सुरू होते.

कारण या दहा नामांत आणखी एक फाळणी आहे, ती कोशात ठळक दिसत नाही. पे, सॅलरी, वेजेस ही नामे देण्याची आहेत. तो देणाऱ्यावरचा बोजा आहे. बोनस, ग्रॅच्युइटी, रेम्युनरेशन, ऑनरेरियम ही नामे मुळात देणगीची आहेत. बोनस म्हणजे लॅटिनमध्ये 'चांगला'. ग्रॅच्युइटीचे मूळ कृतज्ञतेत. इंग्लंड-अमेरिकेत वेटरला द्यायच्या टिपेलाही ग्रॅच्युइटीच म्हणतात. रेम्युनरेशनच्या पोटात 'मुनुस' म्हणजे भेट आहे. पुष्कळ जण रिन्युमरेशन म्हणतात, कारण त्यांना त्यात नंबर म्हणजे आकडा दिसतो. कोश त्यांना चूक ठरवतो, पण त्यांचे लक्ष योग्य जागी असते. आणि ऑनरेरियम म्हणजे ऑनर, मान. देणे मागता येते. देणगी मागता येत नाही. ती मिळाली तर वाकून घ्यायची. मराठीत या दोन शब्दांत अंतर एका अक्षराचे, पण त्या अंतरात माणसांचे आयुष्य जाते.

मुंबईच्या गिरण्यांचेच पाहा. पहिल्या महायुद्धात गिरण्यांना भरपूर नफा झाला आणि १९१७ पासून कामगारांना युद्धाचा बोनस मिळू लागला. पाच-सहा वर्षांत तो कामगारांच्या संसारात मुरला. १९२३ साठी मालकांनी तो नाकारला आणि १९२४ च्या जानेवारीत दीड लाखावर कामगार संपावर गेले. दोन महिन्यांवर संप चालला. भांडण एका नामाचे होते. बोनस ही मालकाची खुशी, की कामगाराचा थकलेला पगार? मुंबई हायकोर्टाचे मुख्य न्यायाधीश सर नॉर्मन मॅक्लाउड यांच्या समितीपुढे प्रश्न गेला. समिती म्हणाली, कामगारांचा त्यावर कायद्याने हक्क बसत नाही. नाम देणगीचे, म्हणून मागणे गैर. तो हक्क कायद्यात यायला १९६५ साल उजाडले, आणि पुढे किमान बोनस ८.३३ टक्के ठरला. हा आकडा असा तिरपागडा का, हे कॉमर्सवाल्याला लगेच कळते. शंभराला बाराने भागा. वर्षाचा बारावा हिस्सा, म्हणजेच तेरावा पगार. बोनस शेवटी पगारच होता, हे दशांश अपूर्णांकात कबूल केले गेले.

ऑनरेरियमचे मराठीत झाले मानधन. परीक्षकाला, व्याख्यात्याला, कवीला मानधन म्हटले की बरे वाटते. त्यांचा चरितार्थ दुसरीकडे चाललेला असतो. निदान कवी सोडून इतरांचा. पण १९७५ साली २ ऑक्टोबरला एकात्मिक बालविकास योजना सुरू झाली आणि गावोगाव अंगणवाड्या निघाल्या. मुलांची वजने घ्यायची, त्यांना जेवू घालायचे, शिकवायचे, गरोदर बायकांची नोंद ठेवायची, रजिस्टरे भरायची. हे काम करणाऱ्या बायकांना जे मिळू लागले त्याचे नाव ठेवले मानधन. त्या कर्मचारी नव्हेत, सेविका. आमच्या काउंटरवर त्या येतात, तेव्हा फॉर्मवरच्या चौकोनांपाशी गवंड्यासारख्याच थांबतात. 'सॅलरी'त खूण करावी तर सरकार म्हणते पगार नाही. 'वेजेस'मध्ये करावी तर सरकार म्हणते मजुरीही नाही. मान आहे. मानाला किमान वेतन नसते, कारण मानाची किमान मर्यादा कुणी ठरवली आहे?

गुजरातमधल्या अशा सेविका-मदतनिसांचा ग्रॅच्युइटीचा दावा शेवटी सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२२ च्या एप्रिलमध्ये निकाल लागला. त्यांना मिळते ते नावाने मानधन असले, तरी १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यापुरते ते वेजेसच आहे, म्हणून त्यांना ग्रॅच्युइटी मिळाली पाहिजे. गंमत अशी, की जुनी देणगीची ग्रॅच्युइटी आता कायद्याचे देणे झाली होती आणि ती मिळवण्यासाठी मानाच्या नामाला मजुरीच्या नामात यावे लागले. ज्या 'वेजेस'कडे बघून आमच्या डॉक्टरीणबाई नाक मुरडतात, ते नाम आपल्याला लागावे म्हणून या बायका कोर्टाच्या पायऱ्या चढत राहिल्या. कारण त्या नामाच्या मागे कायदा उभा असतो. मानाच्या मागे टाळ्या असतात.

शाळेत असताना आम्हाला समासाचा विग्रह करायला लावत. मानधन हा शब्द त्या दृष्टीने फार चांगला आहे. 'मान हेच धन' म्हटले की झाला कर्मधारय, आणि 'मान आणि धन' म्हटले की झाला द्वंद्व. देणाऱ्याला कर्मधारय नेहमीच स्वस्त पडतो. त्या कर्मधारयातून द्वंद्वात यायला १९७५ पासून २०२२ पर्यंत सत्तेचाळीस वर्षे लागली, आणि तीही फक्त एका कायद्यापुरती. व्याकरणाच्या पेपरात हा प्रश्न दोन गुणांना असतो.